गंभीर आजारपणात ऑडिशन द्यायची वेळ आली तर: निर्णयापासून घरी परतेपर्यंतचा क्रम

ऑडिशनची तारीख महिना-दोन महिने आधी कळते आणि आजारपण नेमके चार दिवस आधी येते. अशा वेळी नागपुरात गाणे किंवा नाटक शिकणारी बहुतेक मुले-मुली एकाच क्रमाने चुकतात. आधी औषधांच्या दुकानातून गोळ्या आणल्या जातात, मग आवाज शाबूत आहे की नाही हे पाहण्यासाठी पूर्ण रियाज किंवा पूर्ण तालीम केली जाते, त्यानंतर प्रवास होतो आणि जायचे की नाही याचा विचार थेट दालनाच्या दाराशी सुरू होतो. डॉक्टर या सगळ्याच्या शेवटी येतात. हा क्रम उलटा करणे एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

येथे आकाशवाणीची स्वरपरीक्षा, नाट्यविद्यालयाची प्रवेश चाचणी, दूरचित्रवाणीवरील गायन स्पर्धेची निवडफेरी आणि नाटकातील भूमिकेसाठीची निवड हे प्रसंग डोळ्यांसमोर ठेवले आहेत. साधी सर्दी किंवा एका दिवसाची कणकण हा या लेखाचा विषय नाही. एरवी ज्या आजारात डॉक्टरांनी पूर्ण विश्रांती सांगितली असती, त्या आजाराविषयी हे लिहिले आहे.

टप्पा 1: निदान आधी, निर्णय नंतर

आजाराचे नाव कळल्याशिवाय जाण्या-न जाण्याचा निर्णय घेताच येत नाही, कारण पहिल्या दोन दिवसांत अनेक ताप सारखेच दिसतात आणि त्यांचे धोके मात्र फार वेगळे असतात. म्हणून ताप, धाप, सततच्या उलट्या किंवा पूर्ण बसलेला आवाज यांपैकी काहीही दिसले तर पहिले काम डॉक्टरांकडे जाण्याचे. मेडिकल, मेयो किंवा मिहानमधील एम्स या नागपुरातील सरकारी रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात जायचे असेल तर सकाळी लवकर पोहोचावे, जुने कागद बरोबर ठेवावेत आणि घरातील एका माणसाला सोबत न्यावे, कारण तापात ऐकलेल्या सूचना अर्ध्याच लक्षात राहतात.

डॉक्टरांना फक्त ‘परवा माझा कार्यक्रम आहे’ असे सांगू नका. त्यावरून त्यांना तुमच्या श्रमाची कल्पना येत नाही. ‘मला पंधरा मिनिटे पूर्ण आवाजात गायचे आहे, त्यात वेगवान ताना आहेत’ किंवा ‘मला उभे राहून दोन स्वगते म्हणायची आहेत आणि नंतर शारीरिक हालचालींची चाचणी आहे’ असे नेमके सांगा. मग हे चार प्रश्न विचारा आणि उत्तरे लिहून घ्या:

1. मला नेमके काय झाले आहे आणि आज आजाराचा कितवा दिवस धरायचा?
2. माझ्यामुळे इतरांना लागण होऊ शकते का, आणि कधीपर्यंत?
3. सांगितलेला श्रम या अवस्थेत शरीराला झेपेल का?
4. कोणते लक्षण दिसले की सगळे सोडून रुग्णालय गाठायचे?

पावसाळ्याच्या उत्तरार्धात आणि त्यानंतरच्या आठवड्यांत आपल्याकडे डेंग्यूचे रुग्ण वाढतात, आणि ऑडिशनच्या दृष्टीने सर्वांत फसवा ताप हाच आहे. डेंग्यूतला ताप साधारणपणे तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान उतरतो, रुग्णाला हायसे वाटते आणि ‘ताप गेला, आता जाऊ’ असे घरात ठरते. प्रत्यक्षात ताप उतरल्यानंतरचे 24 ते 48 तास हाच काहींसाठी धोक्याचा काळ असतो, कारण त्या वेळी रक्तवाहिन्यांमधून द्रव बाहेर झिरपू लागतो आणि रक्तदाब घसरू शकतो. पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, अस्वस्थता किंवा विलक्षण सुस्ती यांपैकी एकही लक्षण असेल तर ऑडिशनचा विषय तिथेच संपतो. डेंग्यूची शंका असेपर्यंत ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक या वेदनाशामकांना हात लावू नये, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

आवाज बसला असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्राची दुर्बिणीने तपासणी करून घेणे आवश्यक आहे. स्वरतंतूंवर केवळ सूज आहे की आत रक्त साकळले आहे, हे घसा उघडून बॅटरीने पाहिल्यावर कळत नाही. रक्त साकळलेले असेल तर पूर्ण मौन हाच उपचार असतो. अशा स्वरतंतूंवर एकदा जोर दिल्यास आवाजाचे नुकसान कायमचे होऊ शकते.

दीर्घ आजार असणाऱ्यांसाठी हिशेब वेगळा आहे, आणि सर्वसाधारण सल्ले त्यांनी जसेच्या तसे घेऊ नयेत. विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण बरेच आहेत. त्यांच्यासाठी पाणी कमी पडणे, अति थंडी, अति ऊन आणि दमछाक ही चारही वेदनेचा झटका आणणारी कारणे आहेत, आणि ऑडिशनच्या दिवशी ती एकत्र येतात. डायलिसिसवर असणाऱ्यांना ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला धोकादायक ठरतो, आणि डायलिसिसच्याच दिवशी थकवा जास्त असल्याने शक्य असल्यास दुसऱ्या दिवसाची वेळ मागावी. केमोथेरपी चालू असेल तर औषध दिल्यानंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. त्या काळात गर्दीच्या प्रतीक्षाकक्षात बसणे टाळावे आणि 100.4 अंश फॅरनहाइट इतका ताप आला तरी ती तातडीची अवस्था समजावी. क्षयरोगाच्या उपचारांवर असणाऱ्यांनी, संसर्गाचा काळ संपला असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगेपर्यंत बंद खोलीत गाऊ नये.

तपासा: चारही प्रश्नांची उत्तरे कागदावर आहेत का? नसतील तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

टप्पा 2: थांबण्याची रेघ आधीच आखा

ऑडिशनच्या सकाळी तुमचे मन निष्पक्ष नसते. वर्षभराची मेहनत, गुरुजींची अपेक्षा, घरच्यांनी काढलेली तिकिटे, सगळे ‘जा’ म्हणत असते. म्हणून न जाण्याच्या अटी दोन दिवस आधी, डोके शांत असताना लिहा आणि त्या घरातल्या अशा एका माणसाच्या हाती द्या ज्याचे तुम्ही ऐकता. आई, मोठा भाऊ, ताई, कोणीही चालेल. मात्र ऑडिशनसाठी तुमच्याहून अधिक उतावीळ असलेला माणूस नको.

अटी मोजता येतील अशा असाव्यात. ‘खूप बरे नसेल तर जाणार नाही’ ही अट नव्हे. ‘सकाळी सहाला, तापाची गोळी घेतल्याला सहा तास होऊन गेले असताना, ताप 100.4 किंवा त्याहून जास्त असेल तर जाणार नाही’ ही अट आहे. एक मजला जिना चढल्यावर पूर्ण वाक्य एका दमात बोलता न येणे, उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येणे, छातीत दुखणे किंवा धडधड, गेल्या बारा तासांत पोटात काहीच न टिकणे आणि गाताना आवाज अचानक तुटणे या अटी प्रत्येकाच्या यादीत असाव्यात, असे माझे मत आहे. विषाणूजन्य तापात श्रम केल्यास क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते, म्हणून छातीच्या लक्षणांबाबत कोणतीही सवलत देऊ नये.

टप्पा 3: आयोजकांना वेळेत कळवा

तारीख बदलून मागणे म्हणजे कमीपणा, अशी एक समजूत आपल्याकडे घट्ट बसलेली आहे. तिच्यामुळे अनेक जण विचारतच नाहीत, आणि विचारतात तेव्हा ऑडिशन होऊन गेलेली असते. वास्तविक एकाच केंद्रावर चाचण्या बरेचदा अनेक दिवस चालतात आणि तुमची वेळ सकाळवरून दुपारवर किंवा आजवरून परवावर नेणे आयोजकांना जड नसते. मात्र ते त्यांना आधी कळले पाहिजे. निदान झाल्याच्या दिवशीच कळवावे.

प्रथम अर्जाबरोबर आलेल्या सूचना पुन्हा वाचा: गैरहजेरीबद्दल काय नियम आहे, पुढचा प्रयत्न कधी करता येतो, ध्वनिमुद्रण किंवा चित्रफीत चालते का. मग दूरध्वनी करा आणि त्याच दिवशी ईमेलही पाठवा, कारण दूरध्वनीवर मिळालेल्या होकाराची नोंद कोठेच राहत नाही. मजकूर असा असावा:

‘महोदय/महोदया, माझा अर्ज क्रमांक अमुक असून माझी चाचणी अमुक तारखेला सकाळी आहे. मला अमुक आजाराचे निदान झाले असून डॉक्टरांनी अमुक तारखेपर्यंत विश्रांती सांगितली आहे. त्यांचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. त्याच फेरीत नंतरची एखादी वेळ मिळू शकल्यास मी उपस्थित राहीन. ते शक्य नसल्यास ध्वनिमुद्रण पाठवण्याची किंवा पुढील फेरीत सामावून घेण्याची विनंती आहे. आपल्या उत्तराची उद्या सकाळपर्यंत वाट पाहतो आहे.’

त्यात आपल्या मेहनतीचे वर्णन नको, घरच्या अडचणी नकोत, चार अहवालांचे फोटो नकोत. एक प्रमाणपत्र आणि तीन स्पष्ट पर्याय पुरेसे आहेत.

इशारा: होकार लेखी येईपर्यंत मूळ वेळ कायम आहे असेच धरून तयारी करा.

टप्पा 4: औषधांचे वेळापत्रक

औषध घेऊन बरे वाटणे आणि बरे होणे यांतला फरक ऑडिशनच्या दिवशी सर्वांत महाग पडतो. तापाची गोळी ताप झाकते, वेदनाशामक घशाचे दुखणे झाकते, आणि दुखणे झाकले गेले की स्वरतंतूंवर किती ताण पडतो आहे हे सांगणारी एकमेव खूण नाहीशी होते. म्हणून पुढील गोष्टी क्रमाने करा.

पहिले, घरात असलेल्या सर्व गोळ्यांची वेष्टने टेबलावर मांडा आणि घटक वाचा. सर्दी-तापाच्या बहुतेक एकत्रित गोळ्यांत पॅरासिटामॉल असते. त्यावर आणखी 650 मिलिग्रॅमची गोळी घेतली की मात्रा नकळत दुप्पट होते. निरोगी प्रौढ व्यक्तीसाठी 24 तासांत 4 ग्रॅम ही कमाल मर्यादा मानली जाते; वजन कमी असेल किंवा यकृताचा त्रास असेल तर ती आणखी खाली येते आणि डॉक्टरांनाच विचारावी लागते.

दुसरे, कोरडेपणा आणणारी औषधे ओळखा. नाक वाहणे थांबवणाऱ्या अनेक गोळ्या घसाही कोरडा करतात आणि काहींनी झोप येते, तर नाक मोकळे करणाऱ्या काही गोळ्यांनी छातीत धडधड होते. डॉक्टरांनी त्या आवश्यक म्हणून दिल्या असतील तर घ्याव्यात, पण ऑडिशनच्या आधीची मात्रा कधी घ्यायची हे विचारून घ्यावे.

तिसरे, कोणतेही औषध त्या दिवशी पहिल्यांदा घेऊ नका. खोकल्याचे नवे सिरप असो की शेजारच्या काकूंनी दिलेला काढा, तो किमान दोन दिवस आधी घेऊन पाहिलेला असावा.

चौथे, स्टिरॉइडविषयी. ‘एक इंजेक्शन घे, आवाज मोकळा होतो’ हा सल्ला कलाकारांमध्ये सर्रास दिला जातो. स्टिरॉइडने सूज झपाट्याने उतरते हे खरे आहे, परंतु स्वरतंतू न पाहता ते घेणे चूक आहे, कारण आत रक्त साकळले असेल तर मोकळ्या वाटणाऱ्या आवाजात गाऊन इजा वाढते. तज्ज्ञांनी दुर्बिणीने पाहून दिले तरच घ्यावे, आणि त्यानंतरही गाण्याची मर्यादा त्यांच्याकडूनच ठरवून घ्यावी.

पाचवे, ‘सलाइन लावून जाऊ’. सलाइनने पाणी आणि क्षार मिळतात, ताकद मिळत नाही. तोंडाने पिता येत असेल तर एक पाकीट ओआरएस एक लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवून घोट-घोट घेणे बहुतेकांना पुरेसे होते, आणि डेंग्यूमध्ये गरजेपेक्षा जास्त सलाइन अपायकारकही ठरू शकते. ते लावायचे की नाही, हा डॉक्टरांचा निर्णय आहे.

नृत्याच्या चाचणीला जाणाऱ्यांसाठी एकच सूचना: सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटातील प्रतिजैविकांनी स्नायुबंध, विशेषतः टाचेमागचा, दुखावण्याचा धोका असतो. असे औषध चालू असेल तर उड्या आणि जोरकस पदन्यास यांबद्दल डॉक्टरांना विचारल्याशिवाय पायात घुंगरू बांधू नका.

टप्पा 5: कार्यक्रम कापा

या टप्प्याला सर्वांत जास्त वेळ द्यावा, आणि नेमका तोच बहुतेक जण वगळतात. निरोगी असताना बसवलेला कार्यक्रम तसाच ठेवून तो कमी ताकदीत सादर करण्याचा प्रयत्न केला की प्रत्येक जागा थोडी-थोडी पडते आणि परीक्षकांसमोर कच्ची तयारी उभी राहते. त्याऐवजी जे उरलेल्या ताकदीत पूर्णपणे होते तेवढेच घ्यावे. परीक्षक सूर, लय, समज आणि मांडणी पाहतात, आणि एवढ्या गोष्टी छोट्या मांडणीतही पूर्ण दिसू शकतात.

गायकांनी सुरुवात पट्टीपासून, म्हणजे पेटीच्या ज्या सुराला ‘सा’ धरून गातो त्यापासून, करावी. काळी चारमध्ये गाणारीने पांढरी पाचमध्ये आणि काळी एकमध्ये गाणाऱ्याने पांढरी एकमध्ये गाऊन पाहावे. अर्ध्या स्वराच्या या उतरणीने तार षड्जावरचा ताण लगेच कमी होतो आणि तबलाही सहसा त्याच जोडीवर उतरवून लावता येतो. त्याहून खाली जायचे असेल तर तबलजींना दुसरी जोडी आणावी लागू शकते, म्हणून त्यांना आदल्या दिवशीच सांगावे. दालनात पोहोचल्यावर ‘आज जरा खाली गातो’ असे सांगणे साथीदारांवर अन्याय करणारे आहे.

येथे एक फसगत होते. स्वरतंतू सुजले की ते जड होतात आणि आवाजाचा खालचा पल्ला थोडा खुलल्यासारखा वाटतो, त्यामुळे ‘आज खर्ज सुंदर लागतो आहे’ म्हणून गायक खूश होतो. सूज आधी वरच्या, हळू आवाजातल्या सुरांत दिसते. चाचणी तिथेच घ्यायची: परिचित गाण्याची एक ओळ तार सप्तकाच्या जवळ, अगदी हलक्या आवाजात गाऊन पाहा. सूर लागण्याआधी नुसती हवा येत असेल, किंवा जोर दिल्यावरच सूर लागत असेल, तर सूज आहे. रोज सकाळी ही एक ओळ गाऊन वहीत नोंद ठेवा. एकाच सुरावर अडत असेल तर स्थिती तशीच आहे. अडण्याची जागा खाली सरकत असेल तर स्थिती बिघडते आहे.

त्यानंतर राग. अर्जात रागांची यादी दिलेली असेल तर त्या यादीबाहेर जाता येत नाही, पण यादीतून मागण्याची संधी मिळाली तर पूर्वांगप्रधान, म्हणजे सप्तकाच्या खालच्या अर्ध्या भागात खुलणारा, राग पुढे करावा. भूप आणि देशकार यांचे स्वर तेच, परंतु भूपाचा विस्तार गंधाराभोवती होतो आणि देशकारात धैवतापासून वर जावेच लागते. सुजलेल्या आवाजाला पहिला झेपतो, दुसरा दमवतो. तसेच पूरिया शक्य होतो आणि सोहनी त्रास देतो. बडा ख्याल मांडायचाच असेल तर दोन-तीन नेटकी आवर्तने घेऊन मध्यलयीच्या बंदिशीवर यावे. ताना कमी, पण स्वच्छ असाव्यात. सरगम आणि बोल-अंगाने, म्हणजे बंदिशीचे शब्द लयीत खेळवून, लयीची समज दाखवता येते आणि त्यात तानांइतका दम लागत नाही.

अभिनयाच्या चाचणीत दोन स्वगते निवडायची मुभा असेल तर ओरडण्याचे, रडण्याचे किंवा धावण्याचे स्वगत बाजूला ठेवावे. बसून करता येणारे, थांबत-थांबत विचार करणाऱ्या पात्राचे स्वगत घ्यावे. खोकला असेल तर संहितेची एक प्रत काढून पेन्सिलने श्वासाच्या जागा नव्याने आखा. न्युमोनियातून उठलेल्या माझ्या एका विद्यार्थिनीची प्रत मला आठवते: जिथे पूर्वी तीन वाक्ये एका दमात जात, तिथे तिने प्रत्येक क्रियापदानंतर उभी रेघ मारली होती, दोन जागी पाण्याच्या पेल्याला हात लावण्याची कृती लिहिली होती आणि तो पेला पात्राचाच वाटेल असे बसवले होते. त्यामुळे दम घेणे हा पात्राच्या वागण्याचाच भाग झाला, आणि मधेच खोकला आला तरी प्रसंग तुटणार नव्हता.

नाट्यविद्यालयाच्या अंतिम निवडीसारखी अनेक दिवसांची कार्यशाळा असेल तर मात्र वरचा हिशेब लागू होत नाही. दहा मिनिटांचे स्वगत कापून भागते. सलग काही दिवसांचे शारीरिक काम कापता येत नाही, आणि तापात ते करणे चुकीचेच आहे. तिथे तारखेची विनंती किंवा पुढचे वर्ष हेच पर्याय आहेत.

तपासा: कापलेला कार्यक्रम एकदाच, ठरलेल्या वेळेत, घड्याळ लावून करून पाहा. अर्ध्या तासानंतरही दम किंवा आवाज पूर्ववत झाला नसेल तर आणखी कापा. दुसऱ्यांदा करून पाहू नका.

टप्पा 6: शेवटचे दोन दिवस आणि प्रवास

बोलणे थांबवा. कुजबुजणेही थांबवा, कारण त्यानेही सुजलेल्या स्वरतंतूंवर ताण येतो; काही सांगायचे असेल तर मोबाइलवर लिहून दाखवा. रियाज मनात करा: तानपुरा लावून, ओठ मिटून, बंदिश डोक्यात म्हणा. पाणी आदल्या दिवसापासून प्या, कारण दाराशी घेतलेल्या घोटाने फक्त घसा ओला होतो, स्वरतंतूंना त्याचा उपयोग व्हायला काही तास लागतात.

तर्री पोहे, सावजी आणि रात्री उशिराचे जेवण या दिवसांत नको. पोटातील आम्ल वर आले की स्वरयंत्राला सूज येते, आणि रिकाम्या पोटी घेतलेल्या गोळ्यांनी ते आणखी वाढते. मऊ भात-वरण, ताकाची कढी, पिकलेले केळे पुरे. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या आणि साध्या पाण्याची वाफ चालते. लवंग तोंडात ठेवल्याने घसा बधिर होतो, म्हणून गाण्याच्या आधी ती टाळावी.

नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, किंवा मे महिन्याच्या कोणत्याही दिवसात वेळ दुपारची असेल तर कूलरचा झोत अंगावर घेऊन झोपू नका आणि सिव्हिल लाइन्सला दुचाकीवर जाऊ नका. ऑटो किंवा मेट्रोने जा आणि डोके-कान रुमालाने झाका. मुंबईची चाचणी असेल तर रेल्वेने सुमारे 840 किलोमीटरचा, रात्रभराचा प्रवास आहे. वातानुकूलित डब्यात हवा कोरडी असते, म्हणून नाकावर सुती रुमाल ठेवा, खालचा बर्थ घ्या आणि चाचणीच्या किमान एक दिवस आधी पोहोचा. नाक आणि कान गच्च असताना विमान उतरताना कानाच्या पडद्याला इजा होऊ शकते. विमानाचे तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना विचारा.

टप्पा 7: त्या दिवशी सकाळी

उठल्यावर कोणतीही गोळी घेण्याआधी ताप मोजा. जिना चढून पाहा. हलक्या आवाजातली ती एक ओळ गा. मग लिहून ठेवलेल्या अटींचा कागद ज्याच्याकडे दिला आहे त्याला आकडे सांगा आणि निर्णय त्याला वाचू द्या. वाद घालू नका.

फ्लूसारखा संसर्गजन्य ताप झाला असेल तर औषधाशिवाय ताप उतरून 24 तास झालेले असावेत. ही अट तुमच्यासाठी जितकी आहे तितकीच बंद दालनात बसलेल्या वयस्क परीक्षकांसाठी आणि साथीदारांसाठी आहे, म्हणून तिच्यात तडजोड करू नये.

निर्णय ‘जायचे’ असा झाला तर पिशवीत कोमट पाणी, ओआरएस, ठरलेल्या वेळेच्या गोळ्या, डॉक्टरांची चिठ्ठी, मास्क, शाल आणि जवळच्या रुग्णालयाचा क्रमांक ठेवा. सोबत कोणीतरी हवेच. एकट्याने जाऊ नका.

टप्पा 8: दालनाबाहेर आणि आत

अर्धा तास आधी पोहोचा, त्याहून लवकर नको. प्रतीक्षाकक्षात इतर उमेदवार गात असतात, आणि त्यांचे ऐकून आपणही पूर्ण आवाजात गाऊन पाहण्याचा मोह होतो. तिथे फक्त ओठ मिटून गुणगुणणे आणि मध्य सप्तकातील दोन-तीन सरळ आरोह एवढेच करा. वातानुकूलन थेट अंगावर येत असेल तर जागा बदला, शाल घ्या. मास्क आत जाईपर्यंत ठेवा.

आत गेल्यावर आजाराविषयी एकच वाक्य बोला, आणि तेही व्यवस्थेशी संबंधित असेल तरच: ‘डॉक्टरांच्या सल्ल्याने मी आज अर्धी पट्टी खाली गातो आहे’ किंवा ‘मला बसून सादर करण्याची परवानगी मिळेल का?’ लक्षणांचे वर्णन आणि आगाऊ क्षमायाचना केली की परीक्षकांचे कान तुमच्या उणिवा शोधू लागतात. तानपुरा लागल्यावर घाई करू नका. दोन पूर्ण श्वास घ्या आणि षड्ज लावा.

खोकला आला तर तोंड बाजूला करून खोका, पाणी घ्या आणि समेपासून पुन्हा सुरू करा. माफी मागण्यात वेळ घालवू नका. सूर तुटला तर वर जाण्याचा प्रयत्न दुसऱ्यांदा करू नका, खाली येऊन मांडणी पूर्ण करा. पण आवाज एकाएकी पूर्ण गेला, घशात काहीतरी टचकन झाल्यासारखे वाटले, अंधारी आली किंवा छातीत दुखले, तर त्या क्षणी थांबा, ‘मला थांबावे लागेल’ एवढे सांगा आणि खाली बसा. उभे राहून शेवट गाठण्याचा प्रयत्न करणारे उमेदवार पडतात.

टप्पा 9: नंतर

बाहेर आल्यावर ‘कसे झाले?’ या प्रश्नांची उत्तरे द्यायची नाहीत. सोबतच्या माणसाने ती द्यावीत. तुम्ही पाणी घ्या, ठरलेली गोळी घ्या, काहीतरी खा आणि सरळ घरी जा. त्याच दिवशी सीताबर्डीला भटकणे, मित्रांबरोबर जेवायला जाणे, परतीची रात्रगाडी पकडणे हे टाळता आले तर टाळा. उत्साह ओसरला की ताप पुन्हा चढू शकतो, म्हणून संध्याकाळी आणि झोपण्याआधी तो मोजा.

पुढचे 48 तास आवाजाला विश्रांती द्या. तिसऱ्या दिवशीही हलक्या आवाजातली ती ओळ त्याच सुरावर अडत असेल, किंवा आवाजातील घोगरेपणा तीन आठवड्यांनंतरही टिकला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे परत जा. प्रतिजैविकांचा कोर्स ऑडिशन झाली म्हणून अर्धवट सोडू नका.

पुढच्या फेरीसाठी बोलावणे आले तर तारीख स्वीकारण्याआधी डॉक्टरांना विचारा, पहिल्या फेरीचे प्रमाणपत्र आणि ईमेल एका फाइलमध्ये जपून ठेवा, आणि तोपर्यंत शरीर भरून आले नसेल तर टप्पा 3 मधील विनंती पुन्हा, त्याच नेमकेपणाने, त्याच दिवशी पाठवा.